रोजा सोडल्यानंतरचा परहेज

असरची नमाज आटोपली की मशिदीच्या रस्त्यावर कढया चढतात. कांदाभजी, मिरचीभजी, खिमा समोसे, पॅटीस, एका बाजूला मालपुव्याचा तवा आणि शेजारी गुलाबी सरबताचे पातेले. गिऱ्हाईक फक्त रोजेदारच असते असे नाही. बँकेतून सुटलेले कारकून, शिकवणीहून परतणारी पोरे, वरच्या आळीतली कुटुंबे याच गर्दीत उभी असतात; रमजानचा हा बाजार साऱ्या गावाचा असतो. मगरिबच्या अजानला दहा मिनिटे उरली की पुड्या बांधणाऱ्याला मान वर करायला सवड नसते. कढईतले तेल तोवर चहाच्या रंगाचे झालेले असते. रात्री ते गाळून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातच नवे तेल ओततात.

त्यानंतरचा प्रसंगही अनेक घरांच्या ओळखीचा आहे. तरावीहच्या सुमारास कुणाच्या तरी छातीत भरून येते. घरातले म्हणतात, खाणे जड झाले. लिंबू-सोडा दिला जातो, पाठ चोळली जाते. बहुतेक वेळा तो गॅसच असतो. कधीकधी नसतो, आणि ते पहाटे सहरीला उठवायला गेल्यावर कळते. माणूस पन्नाशीच्या आतला असतो, अंगाने किरकोळ. 'याला काय होणार' असे ज्याच्याबद्दल कालपर्यंत बोलले जात होते, तोच.

किरकोळ अंगाचा माणूस सुरक्षित असतो, ही समजूत खोटी ठरवण्याचे मोठे काम पुण्यात झाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटेसे टिपण लिहिले. त्यासाठी त्यांनी स्वतःचीच मोजमापे घेतली होती. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बॉडी मास इंडेक्स, दोघांचा अगदी सारखा होता: 22.3. शरीरातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे, आतून निराळे. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही याज्ञिकांना हाच नमुना दिसला होता. बाळांचे वजन कमी, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. भारतीय माणूस बारीक दिसतो. त्याची चरबी पोटाच्या आत, यकृताच्या आसपास दडून बसते.

याचा परिणाम वयावर दिसतो. मूळचे केरळचे आणि कॅनडात काम करणारे डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली 52 देशांत 'इंटरहार्ट' नावाचा अभ्यास झाला. त्यातून असे दिसले की दक्षिण आशियातल्या माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी 53व्या वर्षी येतो, इतर देशांत सुमारे 59व्या वर्षी. ही सहा वर्षे म्हणजे मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि घराचे हप्ते चालू असतानाची वर्षे. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत 81 टक्के प्रौढांच्या रक्तातल्या चरबीचे कोणते ना कोणते प्रमाण बिघडलेले आढळले. इतक्या मोठ्या प्रमाणात कोणता धर्म आणि कोणती जात सुटली असेल?

चरबी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर मटणावरचा पांढरा थर येतो आणि तोंडात एकच शब्द येतो: कोलेस्टेरॉल. रिपोर्ट हातात पडला की नजर 'टोटल कोलेस्टेरॉल'वर जाते. तो आकडा दोनशेच्या आत दिसला की कागद घडी घालून कपाटात जातो. खरी माहिती त्याच्या खालच्या ओळींत असते.

रक्त हे मुख्यतः पाणी आहे आणि चरबी पाण्यात विरघळत नाही. म्हणून शरीर तिला प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळून इकडून तिकडे नेते. एलडीएल नावाची पुडकी यकृताकडून निघालेले कोलेस्टेरॉल वाहून नेतात. ती रक्तात जास्त दिवस, जास्त संख्येने राहिली की रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरून साचतात. यकृताच्या पेशींवर ही पुडकी परत आत घेणारी दारे असतात. ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ही दारे शोधली आणि त्या कामाबद्दल त्यांना 1985 चे नोबेल मिळाले. तूप, लोणी, पामतेल, खोबरेल, मटणाची चरबी या घट्ट होणाऱ्या स्निग्धांनी ही दारे कमी होतात. स्टॅटिनच्या गोळीने ती वाढतात.

दुसरी चरबी ट्रायग्लिसराइड. तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. ती फक्त तेला-तुपातून येते असे समजणे चूक आहे. मैदा, साखर, पांढरा भात, सरबत यांतून गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात आली की यकृत तिची चरबी बनवून पुन्हा रक्तात सोडते. जिलेबीत तुपाचा थेंब नसला तरी ती रक्तात चरबी म्हणून उतरू शकते. ज्यांचे ट्रायग्लिसराइड फारच वाढलेले असते, त्यांच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेत थोडा वेळ उभी ठेवली की वरचे पाणी दुधासारखे पांढरे दिसते. हा आकडा 500 च्या पुढे गेला तर हृदयाआधी स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते.

इकडच्या माणसाचा नेहमीचा नमुना असा: एलडीएल डोळ्यात भरण्याइतके चढलेले नाही, पण ट्रायग्लिसराइड 150 च्या वर, चांगले समजले जाणारे एचडीएल पुरुषात 40 च्या आणि स्त्रीत 50 च्या खाली, पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि स्त्रीची 80 सेंटीमीटरच्या पुढे. त्यात वाढलेली साखर किंवा रक्तदाब मिळाला की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. अशा माणसाची एलडीएलची पुडकी आकाराने लहान आणि संख्येने जास्त असतात, त्यामुळे आकडा बरा दिसूनही धोका राहतो. घरच्या घरी एक वजाबाकी करता येते: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावे. उरलेला आकडा 130 च्या आत असावा. हृदयविकार किंवा मधुमेह आधीच असेल तर तो याहून बराच खाली हवा, आणि किती खाली ते डॉक्टरांनी ठरवायचे.

उर्दूत पथ्याला 'परहेज' म्हणतात. हकीम साहेबांनी आंबट सांगितले नाही, गोड सांगितले नाही, तो परहेज. आणि गुनाहांपासून स्वतःला दूर ठेवणारा तो 'परहेजगार'. रोजा कशासाठी, तर परहेजगारी यावी यासाठी, असे मशिदीतल्या प्रत्येक बयानात सांगितले जाते. दवाखान्यातला शब्द आणि मशिदीतला शब्द एकाच मुळाचा आहे, हे मात्र संध्याकाळच्या दस्तरख्वानावर सहज विसरले जाते. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवण्याची शिकवण हदीसमध्ये आहे. समोसा पुढे आला की तिसऱ्या हिश्श्याची आठवण राहत नाही. मराठीत याला फार जुनी आणि नेमकी म्हण आहे: एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाण्याची तुपात निथळणारी खिचडी, तळलेले बटाट्याचे काप, वर शेंगदाण्याचा लाडू, हे ज्या घरात उपवासाचे म्हणून चालते, त्या घराने शेजारच्या इफ्तारीकडे बोट दाखवू नये. दोघांचे यकृत सारखेच काम करते.

मग रोजाने रक्तातली चरबी उतरते की नाही? दिवसभर अन्न-पाणी बंद असते तेव्हा यकृतातला साखरेचा साठा दुपारनंतर ओसरत जातो आणि शरीर साठवलेली चरबी काढून वापरू लागते. इथपर्यंत रोजा आणि डॉक्टर एकमेकांचे मित्र आहेत. पण वेगवेगळ्या देशांतल्या रोजेदारांचे जे अभ्यास झाले, त्यांत महिन्याअखेर वजन थोडेसे उतरते आणि काही आठवड्यांत पूर्ववत होते, असे दिसते. रक्तातल्या चरबीचे आकडे तर कुठे सुधारलेले, कुठे जिथल्या तिथे, कुठे बिघडलेले. कारण उघड आहे. दिवसा बँकेतून जेवढे काढले, त्याहून जास्त संध्याकाळच्या दोन तासांत भरले जाते. चौदा तास रिकाम्या असलेल्या पोटात दोन मोठे चमचे पाकाचे सरबत गेले की वीस-पंचवीस ग्रॅम साखर झटक्यात रक्तात येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. म्हणजे दिवसाची साखर अजान संपण्याआधीच संपली. वरून भजी, मग बिर्याणी, मग फिरनी. तळकट जेवणानंतर ट्रायग्लिसराइड तीन-चार तासांनी सर्वांत वर चढलेले असते, आणि नेमका तेव्हा माणूस झोपलेला असतो.

या सगळ्यात अंड्याला आणि मटणाला मिळणारी शिक्षा मात्र थोडी उफराटी आहे. डॉक्टरांनी 'कोलेस्टेरॉल आहे' म्हटले की घरात आधी अंडी बंद होतात. शरीरातले बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवते. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या आकड्यावर परिणाम होतो, पण घट्ट स्निग्धांइतका होत नाही. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शनातूनही दिवसाला 300 मिलिग्रॅमची जुनी मर्यादा 2015 मध्ये काढून टाकण्यात आली. याचा अर्थ नल्ली निहारीवर तरंगणाऱ्या तर्रीला माफी मिळाली असा कुणी घेऊ नये. मात्र सहरीला उकडलेले अंडे टाळून त्याऐवजी मैद्याचे बटर आणि गोड चहा घेणाऱ्याने परहेज पाळलेला नाही, नुकसानीची अदलाबदल केली आहे.

आता त्या कढईकडे पुन्हा यावे लागेल. एकेकाळी वनस्पती तूप हेच गरिबाचे तूप होते. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट केले की त्यात ट्रान्स फॅट तयार होते. हे स्निग्ध सर्वांत वाईट, कारण ते एलडीएल वाढवते आणि वर एचडीएल कमी करते. देशात याच्यावर मर्यादा आली, पण उशिरा: जानेवारी 2021 पासून तीन टक्के आणि जानेवारी 2022 पासून दोन टक्के. कारखान्यातून येणाऱ्या डब्याचा प्रश्न त्यामुळे बराचसा मिटला. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचा मिटलेला नाही. असे तेल काळवंडते, दाट होते, त्यात घातक संयुगे साठत जातात. त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांच्या पुढे गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता येणार नाही, असा नियम जुलै 2018 पासून लागू आहे. ते मोजणारे यंत्र हातात मावते. तेलात बुडवले की काही सेकंदांत आकडा दाखवते. अन्न व औषध प्रशासनाचे पथक दिवाळीत खव्यामागे धावते तसे ते रमजानमध्ये असरनंतर, गणपतीत आणि नवरात्रात यात्रेच्या रस्त्यावर हे यंत्र घेऊन फिरले, तर कोणाच्या धर्माला धक्का लागणार नाही. अर्थात गाडीवाल्याला निव्वळ दंड करून भागणार नाही. त्याच्या दृष्टीने उरलेले तेल ओतून देणे म्हणजे दिवसाची कमाई ओतून देणे. वापरलेले तेल विकत घेऊन त्यापासून बायोडिझेल करण्याची योजना सरकारनेच 2018 मध्ये आणली. ती मोठ्या हॉटेलांच्या मागच्या दारापर्यंत पोहोचली असेल. लहान गावातल्या गाड्यापर्यंत ती नेणे नगरपालिकेला अशक्य नाही.

तळण पूर्ण बंद करा, असे सांगणारा माणूस घरात कुणी ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे. इफ्तारीत वर्षानुवर्षे चालत आलेले, पण बाजूला पडलेले पदार्थ खूप आहेत. खजूर गोड असला तरी त्यात तंतू असतात. दोन-तीन खजुरांनी रोजा सोडणे हा रिवाज साखरेच्या पाकापेक्षा कितीतरी शहाणा आहे. उकडलेले हरभरे, त्यावर कांदा, कोथिंबीर, लिंबू. कलिंगड, पेरू, पपई. आणि हलीम. हलीम मूळचा गहू, जव, चार डाळी आणि थोडे मटण यांचा, तासन्‌तास घोटलेला पदार्थ. जव आणि डाळींमधले विरघळणारे तंतू आतड्यात कोलेस्टेरॉलला अडवून बाहेर नेतात. हलीमला बदनाम केले ते वरून ओतलेल्या तुपाच्या पळीने आणि तळलेल्या कांद्याच्या ढिगाने. जवाची पातळ खीर, तलबीना, हदीसमध्ये आजाऱ्यासाठी सांगितलेली आहे; आज ती बऱ्याच घरांत कुणाला माहीतही नाही. कोकणातल्या मुस्लिम घरांत बांगडा आणि तारली असते. त्या माशांतली चरबी ट्रायग्लिसराइड उतरवण्याच्या कामाची आहे, फक्त तो मासा कालवणात जावा, तळणीत नको. मराठवाड्यात आणि विदर्भात जवसाची चटणी आहे, ज्वारीची भाकरी आहे. सहरीला पराठ्याऐवजी भाकरी, डाळ आणि दही घेतले तर दुपारपर्यंत पोट धरून राहते, असे जुन्या बायका सांगतात. तंतू आणि प्रथिने हळूहळू पचतात, म्हणून ते खरेही आहे.

गोळ्यांचा प्रश्न मात्र चवीचा नाही, जिवाचा आहे. रमजान आला की अनेक जण हृदयाच्या गोळ्या महिनाभर बाजूला ठेवतात. काहींना वाटते की रोजाच औषध आहे. स्टॅटिन बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा पूर्वीच्या जागी येते. ज्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे, त्यांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने थांबवली तर तो स्टेंट बंद पडू शकतो. यातल्या बहुतेक गोळ्या दिवसातून एकदा घ्यायच्या असतात. इफ्तारनंतर घेतल्या तर रोजालाही अडचण येत नाही. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्शुलिनचे तसे नाही. त्यांचा डोस आणि वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागते, आणि तीही रमजान सुरू होण्याआधी. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर 70 च्या खाली उतरली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे डॉक्टर सांगतात. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची आणि ज्याला कधीच शक्य नाही त्याला फिदया देण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेणाऱ्याकडे मोहल्ल्याने तिरक्या नजरेने पाहू नये. त्या नजरेच्या धाकाने किती जण आजार लपवतात, ते घरातल्यांना ठाऊक असते.

मशिदींच्या कमिट्यांना इथे बरेच काही करता येईल. रोज संध्याकाळी मशिदीत इफ्तारीची ताटे पाठवणारे शेकडो दाते असतात. भज्यांच्या टोपल्यांऐवजी फळे, हरभरे आणि ताक पाठवा, एवढे इमाम साहेबांनी जुम्म्याच्या बयानात सांगितले तरी फरक पडेल, कारण त्यांचे ऐकले जाते. शाबान महिन्यात मशिदीच्या किंवा उर्दू शाळेच्या आवारात रक्ततपासणीचे शिबिर भरवले, त्यात शेजारच्या गल्लीलाही बोलावले, तर रमजानआधी प्रत्येकाच्या हातात आपला आकडा असेल. रमजानच्या दिवसांतही तपासणी सोयीची पडते. सहरीनंतर दहा-बारा तासांनी, दुपारी चारच्या सुमारास, माणूस आपोआपच उपाशीपोटी असतो.

आणि ही तपासणी घरातल्या बाईचीही व्हावी. पहाटे सर्वांआधी ती उठते, दुपारभर स्वतः रोजात असताना कढईसमोर उभी राहते, सर्वांना वाढून मग उरलेसुरले खाते. भजी कमी कर, असे तिला सांगणे सोपे. दस्तरख्वानावर भजी दिसली नाहीत म्हणून तोंड वाकडे करणारे दुसरेच असतात. पाळी थांबल्यानंतर तिच्या हृदयाचा धोका वाढत जातो, आणि तिचा झटका कित्येकदा छातीत दुखून येत नाही. जबडा दुखतो, पाठ भरते, दम लागतो, मळमळते. ती त्याला थकवा म्हणते. घरातलेही तसेच म्हणतात, कारण महिनाच थकव्याचा असतो. अशा वेळी लिंबू-सोडा शोधण्यात वेळ घालवू नये. जवळच्या रुग्णालयात नेऊन ईसीजी काढावा. तो काढायला पाच मिनिटे लागतात.